मदत हवी आहे: मुलाची नजर अरुंद होत चालली आहे, ब्रेल शिकवावं की मोबाइलवर ऐकवावं?

खाडीपलीकडची

नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यात, हर्णे बंदराजवळच्या एका वाडीत राहतो. नवरा ट्रॉलरवर खलाशी, मी घरी शिवणकाम करते. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. गेल्या गणपतीनंतर त्याच्या डोळ्यांचं निदान झालं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. डॉक्टर म्हणाले, आनुवंशिक आहे, पडद्यावरच्या पेशी हळूहळू निकामी होतात, नजर कडेकडेने आत येत जाते. किती वर्षांत किती जाईल ते आज कुणीच सांगू शकत नाही.

आमच्या लक्षात उशिराच आलं. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तेव्हा तो माझ्याबरोबर यायचा. दिवसा वाळूत धावणारा मुलगा दिवेलागणीला माझा पदर सोडेना. टोपल्यांना, दोरांना अडखळायचा. सासूबाई म्हणाल्या, रातांधळेपणा आहे, शेवग्याचा पाला खाऊ घाल. दोन महिने तेच केलं.

आता वाचनाचं सांगते. मुलगा हुशार आहे, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण वाचताना ओळ हरवते. एक ओळ संपली की खालची सापडत नाही, तीच पुन्हा वाचतो नाहीतर मधली गाळतो. वेलांट्या, उकार निसटतात. शाळेतल्या बाईंनी फार मायेने मराठीच्या पुस्तकाच्या मोठ्या झेरॉक्स काढून आणल्या, तर त्यावर तो आणखीच अडकतो आणि रडकुंडीला येतो. अक्षर मोठं केल्यावर जास्त त्रास का व्हावा, हे मला समजत नाही.

मग मी मोबाइलने पानाचा फोटो काढून ऐकवायला लागले. ते त्याला लगेच जमलं. तोंडी उत्तरं बरोबर देतो. घरचे म्हणतात, झालं की मग, मोबाइल वाचून दाखवेल. पण परवा बाबांना त्याने चिठ्ठी लिहिली. पाऊस लिहिताना ‘पाउस’, समुद्राचा ‘समूद्र’, ‘खूप’चा ‘खुप’. हे शब्द दुसरीत असताना तो बरोबर लिहायचा, वही आहे माझ्याकडे. ऐकायला लागल्यापासून अक्षरं पुसली जातायत का? या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. मी स्वतः दहावीपर्यंत शिकले. त्याने कुणाच्या तोंडाकडे न बघता आपलं आपण वाचावं, एवढीच माझी इच्छा आहे.

ब्रेल आत्तापासून, थोडं दिसत असताना, शिकवावं का? घरात सगळ्यांना वाटतं की दिसतंय तोवर ब्रेल हातात दिलं तर पोराचं मन खचेल. दुसरं, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गेलो होतो तिथे भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. समोरची अक्षरं तो बऱ्यापैकी वाचतो, म्हणून टक्केवारी चाळीसच्या खाली आली. आणि तिसरं, इथल्याच शाळेत ठेवू की निवासी शाळेत घालू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

पाटीलेखणी

ताई, मी विशेष शिक्षक आहे, अल्पदृष्टी असलेल्या मुलांबरोबर बरीच वर्षं काम करतो. मोठ्या झेरॉक्सचं आधी सांगतो.

एक कागद घ्या, बारीक सुरळी करा, एका डोळ्याला लावा, दुसरा मिटा. आता आधी साधं पुस्तक वाचा, मग ती झेरॉक्स वाचा. साध्या पुस्तकातली चार-पाच अक्षरं सुरळीत मावतील, झेरॉक्समधली जेमतेम दीड. तुमच्या मुलाला दिसतं ते असं. मधली नजर शाबूत, कडा गेलेल्या. अक्षर जितकं मोठं तितकी एका नजरेत मावणारी अक्षरं कमी. त्यात आपली मराठी रेघेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार अशी तीन मजली, म्हणून मोठ्या अक्षरात वरचा आणि खालचा मजला नजरेबाहेरच राहतो. मोठं अक्षर उपयोगी पडतं ते मुख्यतः ज्यांची मधली नजर अंधूक आहे त्यांना. बाईंची चूक नाही, बहुतेकांना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो.

त्याला नेहमीच्याच आकाराचं, पण ठसठशीत काळं अक्षर द्या. काळा जाड कागद किंवा जुनी लग्नपत्रिका घेऊन तिला एक ओळ मावेल एवढी लांब खाच कापा. ती पानावर ठेवून ओळीगणिक खाली सरकवायची. पानाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल स्केचपेनने जाड रेघ मारा. ओळ संपली की लाल दिसेपर्यंत मागे यायचं, ही सवय लागली की ओळ हरवायची थांबते. पुस्तक सपाट न ठेवता तिरकं टेकवून ठेवा. उजेड मागून, खांद्यावरून पानावर पडू दे, डोळ्यांत नको. तुमच्याकडे कौलारू शाळा असेल तर पावसाळ्यात वर्गात अंधारच असतो. खिडकीकडे पाठ करून त्याला बसवा आणि बाईंना एक टेबल-लॅम्प लावू द्यायची विनंती करा.

शेवग्याच्या पाल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही रातांधळेपणा येतो, त्यामुळे आजींनी सांगितलं ते निराधार नव्हतं. हा आजार मात्र वेगळा आहे.

ब्रेलबद्दल सविस्तर रात्री लिहितो.

सडा_आणि_कातळ

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या चुलतभावाचा मुलगा पूर्ण अंध आहे. ब्रेलवर एवढी वर्षं घालवली, आज तो सगळं मोबाइलवर ऐकतो. ब्रेलची पुस्तकं जाडजूड, मिळत नाहीत, शिकवायला माणूस नाही. त्यापेक्षा मोबाइलमधलं पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक नीट शिकवा आणि पोराला मोकळं करा.

मिटलेलंपुस्तक

वरच्या प्रतिसादामुळे लिहायला बसलो. मी तेराव्या वर्षी याच आजाराने वाचायचा थांबलो. आज एका बँकेत नोकरी करतो, हा धागाही संगणकावर एनव्हीडीएने ऐकतोय. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं, मराठीही वाचतं. म्हणजे ऐकण्याला माझा विरोध असूच शकत नाही. माझं पोट त्यावर आहे.

पण ब्रेल मी शिकलो एकोणिसाव्या वर्षी, कारण माझ्याही घरी हेच म्हणाले होते, दिसतंय तोवर नको, मन खचेल. बोट तोवर जड झालेलं होतं. आजही मी ब्रेल वाचतो तेव्हा रांगत वाचतो. माझ्याबरोबर एक सहकारी आहे, ती पहिलीपासून ब्रेल वाचणारी. ती बोट फिरवत मुलीला गोष्ट वाचून दाखवते, तिच्या स्वतःच्या आवाजात. मला ते येत नाही. माझ्या मुलाला मी गोष्ट ऐकवतो ती मशीनच्या आवाजात, नाहीतर आठवून.

मन खचायचं तर माझं ब्रेलमुळे खचलं नाही. आठवीत सगळे वाचत होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं, तेव्हा खचलं.

पाटीलेखणी

वरच्या दादांनी लिहिलंय त्यानंतर मला फार थोडं सांगायचं राहिलं.

ताई, चिठ्ठीतल्या चुका तुम्ही अगदी अचूक हेरल्यात. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं वेगळं काढत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ मोबाइलच्या आवाजात जवळजवळ सारखेच. हा फरक मूल शिकतं ते शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जाऊन. डोळ्यांखालून जाणं थांबलं की तो बोटांखालून जायला हवा.

भारतीय भाषांसाठी एकच लिपी आहे, भारती ब्रेल. सहा टिंबांचं घर, डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. इ म्हणजे २ आणि ४, ई म्हणजे ३ आणि ५. दोन्ही टिंबं तिरकी, पण एक जोडी वर आणि दुसरी खाली. बोटाला हा फरक स्पष्ट लागतो. वेलांटीही याच चिन्हाने लिहितात आणि ती कायम व्यंजनानंतर येते. ‘दिन’ लिहायचा तर द, मग इ, मग न. उच्चाराचाच क्रम. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते म्हणून गोंधळणारी मुलं ब्रेलमध्ये पटकन सावरलेली मी पाहिली आहेत.

सुरुवात अंड्यांच्या ट्रेने करा. सहा खण कापून घ्या आणि त्यात सुपाऱ्या ठेवून अक्षरं करा. भावंडं, शेजारची मुलं, सगळ्यांनी खेळायचं. एकट्याने बसून करायची शिक्षा वाटता कामा नये. नंतर कागदावरच्या टिंबांवर या. तुमच्या मुलाला दिसतं, त्यामुळे तो टिंबं डोळ्यांनी वाचायला बघेल. हातावर रुमाल टाका आणि ओळखायची पैज लावा. पाटी आणि लेखणी त्यानंतर. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत लिहितात आणि कागद उलटून डावीकडून वाचतात, हे आधी वाचन पक्कं झालेल्या मुलाला लवकर उमगतं. दिवसाला वीस मिनिटं पुरे. डोळ्यांनी वाचणं आणि ऐकणं दोन्ही चालू ठेवा.

एक कोकणातली गोष्ट. पावसाळ्यात ब्रेलचा कागद ओल धरतो आणि टिंबं बसतात. पानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, खुंटीवरच्या पिशवीत नको.

तिठ्यावरची_आई

प्रमाणपत्राचं आमच्याही बाबतीत झालं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या फक्त तक्त्यावर नाही. दृष्टीचं क्षेत्र, म्हणजे नजर समोर स्थिर ठेवून एका वेळी जेवढं दिसतं ते, ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तरी अल्पदृष्टी, आणि १० अंशांहून कमी असेल तर ते अंधत्वात धरतात, मग तक्ता कितीही वाचता येवो. तुमच्या मुलाची क्षेत्राची तपासणी झालीय का? तिला पेरिमेट्री म्हणतात. आम्ही तो आलेख जोडून फेरतपासणीचा अर्ज दिला आणि मग टक्केवारी बदलली. अर्जाची पोच घ्या, तोंडी बोलण्यावर परत येऊ नका. आम्ही दोनदा तसेच परत आलो होतो, भाडं गेलं ते वेगळंच.

चाळीस टक्के का महत्त्वाचे, तर त्यापुढे कलम १७ नुसार पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि सहाय्यक साधनं १८ वर्षांपर्यंत मोफत मिळायला हवीत. आणि कलम ३१ म्हणतं की ६ ते १८ वयाच्या अशा मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड त्याची. इथली शाळा तुम्हाला ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून बाहेर काढू शकत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांची भेट मागायला तालुक्याच्या गट साधन केंद्रात लेखी अर्ज द्या.

देवगडचे_गुरुजी

ऐकवण्याबद्दल थोडं, कारण तेही नीट व्हायला हवं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पण मराठीतल्या बऱ्याच पीडीएफ जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना ठीक दिसतात, मोबाइलचं वाचन मात्र भलतंच बरळतं. तुमच्याकडे असं झालं तर बिघाड मोबाइलचा नाही. पानाचा फोटो गूगल लेन्समधून घेतला की मजकूर युनिकोडमध्ये मिळतो, पण तो एकदा मोठ्या माणसाने तपासायलाच हवा. जोडाक्षरं आणि अनुस्वार चुकतात. आधीच ऱ्हस्व-दीर्घात अडकलेल्या मुलाला चुकलेला मजकूर देऊ नये असं माझं ठाम मत आहे. मी आमच्या शाळेतल्या एका मुलीसाठी सातवीतल्या मुलांकडून धडे टाइप करून घेतो. दिव्यांगांसाठी असं करायला २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून प्रकाशकाची परवानगी लागत नाही.

मोबाइलमध्ये मराठी आवाज आधीच उतरवून ठेवा, मग रेंज गेली तरी वाचतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यावाचून निभाव नाही. आणि ‘सुगम्य पुस्तकालय’ हे २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी. तिथे नाव नोंदवा.

मिटलेलंपुस्तक

शाळेबद्दल. मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती अंध विद्यालय आहे, निवासी. तुमच्या शेजारचाच तालुका. प्रवेशाचं मागाहून ठरवा, आधी मुलाला घेऊन एक दिवस नुसते जाऊन या. त्याच्या वयाची मुलं ब्रेल वाचताना त्याने पाहायला हवीत. अजून त्याला दिसतंय, तेवढ्यात पाहू दे.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. उत्तर द्यायला चार दिवस लागले, वादळी वाऱ्याने वीज नव्हती.

कागदाची सुरळी मी डोळ्याला लावली. मग सासूबाईंना दिली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर उठून स्वतःच ट्रंकेतून माझ्या नणंदेची लग्नपत्रिका काढून दिली, कापायला. खाच आणि लाल रेघ वापरून त्याने काल एक अख्खं पान वाचलं, दोनदाच ओळ चुकली. बाईंनाही दाखवलं, त्यांनी वर्गात त्याची जागा बदलली.

सुपाऱ्यांचा खेळ सुरू केलाय. क, अ, इ, ई झाले. धाकटी बहीण त्याच्यापेक्षा लवकर ओळखते म्हणून तो चिडतो आणि पुन्हा मागतो. क्षेत्राच्या तपासणीची तारीख घेतली आहे. हे बोटीवरून आले की घराडीला जाऊ.

आता एकच अडचण आहे. ब्रेलची पाटी, लेखणी आणि जाड कागद दापोलीत मिळत नाही. मुंबईहून कुणी इकडे येणार असेल तर आणू शकेल का? पैसे आधी पाठवते.

पाटीलेखणी

माझ्याकडे लहान मुलांची एक जास्तीची पाटी आहे, लेखणीसकट. पैसे नकोत. पुढच्या आठवड्यात दापोलीला येणं आहे. कागदाचं रीम आणि इ-ईच्या सरावाची काही पानंही टोचून आणतो. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, पत्ता कळवा.