कोंबड्यांना परसातले तण घालताना

निंदून काढलेल्या तणातले काय खावे हे कोंबड्यांना स्वतःलाच कळते, त्यामुळे ते निवडत बसण्याची गरज नाही, हे काही जणांचे मत मला पटत नाही. मोकळी फिरणारी कोंबडी बहुधा निवडून खाते. परंतु खुराड्यात कोंडलेल्या, हिरव्या पाल्यासाठी आसुसलेल्या कोंबडीपुढे सगळा पाला एकत्र चिरून टाकला, तर ती धोतऱ्याचे किंवा घाणेरीचे पानही गिळू शकते. म्हणून ही दोन्ही, तसेच गाजरगवत, कण्हेर, एरंड आणि बटाट्या-टोमॅटोचा पाला मी आधीच बाजूला काढतो. शेवग्याचा व मुळ्याचा पाला आणि कोवळी हरळी खुशाल द्यावी. घोळ व तांदुळजा मात्र बेताने द्यावेत, कारण त्यांतील ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवते आणि अंड्याच्या कवचाला कॅल्शियम कमी पडू शकते. लांब गवताचा गळ्याखालच्या पिशवीत गोळा होतो. माझ्या एका कोंबडीची ती पिशवी सकाळी उपाशीपोटीही मळलेल्या कणकेसारखी घट्ट लागत होती. तेव्हापासून गवत बोटाच्या पेराएवढे चिरतो आणि पोटात पाला दळला जावा म्हणून शेजारी बारीक खडी ठेवतो. तणनाशक फवारलेल्या बांधावरचा पाला कितीही कोवळा दिसला, तरी कृपया आणू नका.