चाकू जमवतेय, पावसाळ्यात गंजापासून कसे वाचवू आणि पुढचा कुठला घेऊ?

मृगसरी, विक्रोळी
नमस्कार मंडळी, इथे नवीन आहे. गेली चार वर्षं चाकू जमवतेय, नऊ झालेत आत्तापर्यंत. सुरुवात झाली आजीच्या अडकित्त्यापासून, पितळी आहे, वर पोपट, ती गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली तेव्हा तो कुणालाच नको होता म्हणून मी उचलला आणि मग पात्यांचं वेडच लागलं. आता माझ्याकडे कार्बन स्टीलचा ओपिनेल (लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू) आठ नंबर आहे, दोन स्विस, एक छोटी खुकरी, बाकी किरकोळ.
प्रॉब्लेम असा की जुलैमधे डबा उघडला तर चामड्याच्या म्यानातल्या चाकूवर नारिंगी ठिपके, आणि ओपिनेलच्या पात्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा गंजून उमटलेला, रेषा न् रेषा दिसतेय. आणि तो ओपिनेल तर आधी उघडेचना, नखं तुटायची वेळ आली. मला खरंच खूप वाईट वाटलं, वस्तू जपता येत नसेल तर जमवायची कशाला असं झालं.
तर तीन गोष्टी सांगा. एक, मुंबईच्या दमट हवेत ठेवायचे कसे. दोन, धार कुठून लावून घेऊ, खाली सायकलवर धारवाला येतो त्याला देऊ का. तीन, पाच हजारापर्यंत पुढचा कुठला घेऊ, एक डमॅस्कसवाला, म्हणजे थरांच्या पोलादाच्या नक्षीचा, बघून ठेवलाय साडेतीन हजारात. आणि आई सारखी विचारते पोलीस धरतील का, तेही कुणी सांगा.

खाडीकाठ, वसई
ताई स्वागत आहे. पहिलं काम म्हणजे आजच्या आज सगळे चाकू म्यानातून बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहतात, त्यामुळे म्यान फक्त नेण्याआणण्यापुरतं, ठेवायला कधीच नाही. मी खाडीच्या बाजूला राहतो, हवेतच मीठ आहे, तरी माझे टिकलेत. करतो एवढंच की हात लावल्यावर सुती फडक्याने पुसायचं कारण घामात मीठ असतं, तुमचा तो ठसा त्यामुळेच, आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात. ज्याने खायचं काही कापता त्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन लावा. खोबरेल नको, चिकट होतं आणि खवट वास मारतं. सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, नारिंगीवालं घ्या, ओल ओढली की हिरवं पडतं, मग ओव्हनला १२० डिग्रीवर तापवलं की परत नारिंगी.
ओपिनेल अडकतो कारण त्याची मूठ बीचच्या लाकडाची, पावसात फुगते. जोर करू नका, आधी पात्याच्या बुडाशी असलेलं लॉकचं कडं फिरवून उघड्या खुणेवर आणा आणि मुठीचा मागचा टोकाचा भाग टेबलावर ठोका, पातं थोडं वर येतं. तिकडे फ्रान्सात सव्हॉयचे लोक असंच करतात. ते कडं १९५५ साली आलं, चाकू १८९० चा.

मृगसरी
ठोकून बघितलं, खरंच आलं वर!! आणि म्यानं सगळी काढली, एकाच्या आत बुरशी होती.

गिरगावची_सहाण
धारेचं मी सांगतो, तीस वर्षं हेच करतोय. धारवाल्याला हे चाकू देऊ नका बाळा. त्याचा माणूस म्हणून मला आदर आहे, घरची कांद्याची सुरी खुशाल द्या, पण कोरड्या चाकावर पातं तापतं आणि कडेला निळी झाक आली की समजायचं पाणी उतरलं. लोहार पातं लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, मग बेताने परत तापवतो, तेव्हा कुठे ते कडक पण न मोडणारं होतं, ते सगळं त्या निळ्या पट्ट्यात गेलं. मग कितीही घासा, धार दोन दिवस टिकत नाही. माझी वडिलांची सुरी मी असाच घालवून बसलोय म्हणून कळकळीने सांगतो.
नागदेवी स्ट्रीटला जा, मस्जिद बंदरला उतरून चालत, तिथे हत्यारांच्या दुकानात दगड मिळतात. एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा बारीकपणा) घ्या, पुरेसा आहे. पाण्यात भिजवा, पातं साधारण वीस अंशात धरा, म्हणजे दगडावर आडवं ठेवून पाठ थोडीशी उचललेली, आणि एका बाजूला घासत राहा जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर कंगोरा, म्हणजे धारेवर वळून आलेली बारीक खरखरीत कड, लागत नाही. कंगोरा लागला की बाजू बदला. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने दहा वेळा ओढा. पहिले दोन महिने घाण होईल, होऊ दे, स्वस्तातल्या सुरीवर हात बसवा.
आणि ठिपक्यांना घाबरू नका. तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने हलकं चोळा, जातील. त्यानंतर त्याच ओपिनेलने एक सीझन कैऱ्या कापा. कैरीच्या आंबटाने पात्यावर करडानिळा थर येतो, तो गंज नाही, तो असला की नारिंगी गंज कमी धरतो.

फोर्टकर
कायद्याचं. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. त्यात तलवार, खंजीर, खुकरी अशांमधे ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं शस्त्र धरलंय, घरकाम आणि शेतीची हत्यारं वगळून. तुमचा ओपिनेल साडेआठ सेंटीमीटर, घरी ठेवायला काहीच अडचण नाही, खुकरी मात्र पट्टी लावून मोजा. घरी ठेवणं वेगळं आणि खिशात घालून फिरणं वेगळं, मुंबईत पोलीस आयुक्त वेळोवेळी शस्त्र बाळगायला मनाईचे आदेश काढतात, त्यामुळे लोकलने न्यायचाच असेल तर डब्यात बंद, बिल सोबत. विमानात फक्त चेक इन सामानात. बटणाचा चाकू घेऊच नका. आईंना सांगा काळजी करू नका.

आडाळो, भांडुप
डमॅस्कसवाला घेऊ नका ओ. मी घेतला होता एकाकडून ऑनलाइन, नाव नाही घेत, पॉलिश पेपर मारला तर नक्षी पुसली, वरवर छापलेली. खऱ्या थरांच्या पात्यात घासलं तरी ॲसिडने परत उठते. आणि आपल्याकडचं जुनं उक्कू पोलाद तर वेगळंच, त्यात नक्षी धातूच्या आतून येते. ते बघायचं तर म्युझियममधे जा, काळा घोड्याला शस्त्रांचं दालन आहे, अकबराचं चिलखत आणि ढाल पण आहे तिथे. अडकित्ते आवडत असतील तर पुण्याला केळकर संग्रहालय, अर्धा दिवस काढूनच जा.
माझं मत विचाराल तर पुढचं पातं विकत घेऊच नका. गावी विळी असेल ना? आम्ही आडाळो म्हणतो. आमच्या आजीच्या विळीचं पातं मधे झिजून चंद्रकोर झालंय, पुढे खोबरं खवायचे दाते, ते कुठल्या लोहाराने केलं कुणी लिहून ठेवलेलं नाही. परदेशी चाकू परत मिळतील, ही भंगारात गेली की गेली.

गिरगावची_सहाण
आडाळो यांना शंभर टक्के अनुमोदन. पाच हजारातले दगडाला आणि सिलिकाला हजारेक घाला, बाकी ठेवा.

मृगसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. खुकरी मोजली, सात इंच, आईला दाखवली पट्टी. डमॅस्कस कॅन्सल. रविवारी नागदेवीला जाऊन दगड आणला, दोन सुऱ्यांवर हात मारला, एकीला तिसऱ्या दिवशी कंगोरा लागला तेव्हा ओरडलेच मी.
आणि रोह्याला मावशीला फोन केला विळीचं विचारायला. ती म्हणाली माळ्यावर आहे, पाट वाळवीने खाल्लाय पण पातं आहे, पात्याच्या बुडापाशी लोहाराचा काहीतरी ठसा आहे म्हणे, फुलासारखा. गणपतीला जाणारच आहे, घेऊन येते आणि फोटो टाकते. पाट नवीन करायचा तर लाकूड कुठलं घेऊ, फणस चालेल का?