मदत हवी आहे: खडकावर तपकिरी थर, पहिला कोरल (प्रवाळ) आता टाकू का?

पुण्यात १५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावून दहा आठवडे झालेत. लाइव्ह रॉक (समुद्रातला, जिवाणू वसलेला खडक) नाही, कोरडा खडक आणि बाटलीतले बॅक्टेरिया. (किनाऱ्यावरून दगड आणा, असं कृपया सुचवू नका, ते प्रवाळाचे असू शकतात आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतं.) मासा अजून एकही नाही, फक्त चार गोगलगायी.

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. पाणी आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६. चिलर परवडत नाही, पंख्यावर तापमान २७ राहतं. दुपारी कधी २८. पंख्यामुळे रोज लिटरभर पाणी उडतं, ते काचेवरच्या खुणेपर्यंत साध्या आरओनं भरतो, मीठ न घालता.

अडचण अशी, की तीन आठवड्यांपासून खडकावर आणि वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर येतोय. सकाळी टूथब्रशनं घासला की संध्याकाळी परत हजर! दिवे दहा तासांवरून सहावर आणले, दर रविवारी १५ टक्के पाणी बदलतो. फरक शून्य. डायटम (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शैवाल) असावेत असं वाटतं. बोटानं सहज निघतो, चिकट तार किंवा बुडबुडे नाहीत.

दुकानदार म्हणतो, मशरूम कोरल आत्ताच टाका. टाकू, की हा थर जाईपर्यंत थांबू? आणि टीडीएस ६ असताना सिलिकेट आरओतूनच येत असेल का?