स्लाइड्स मिळतात, पण प्रश्नोत्तरं मिळत नाहीत

सबसी (समुद्राखालच्या उपकरणांवर काम करणाऱ्या) अभियंत्यांनी संध्याकाळच्या तांत्रिक व्याख्यानांपेक्षा प्रमाणपत्राचा कोर्स करावा, स्लाइड्स नंतर मिळतातच, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. कोर्सबद्दल दुमत नाही, माझाही कॅथोडिक प्रोटेक्शनचा (धातूचं विद्युत विभव खाली आणून गंज रोखण्याच्या पद्धतीचा) पाया तसाच पक्का झाला. पण व्याख्यानाचं खरं मोल शेवटच्या वीस मिनिटांत असतं, ते इथे कुणी मांडलेलं दिसलं नाही.

एका व्याख्यानात वक्त्यांनी समुद्रतळावरून काढलेला तुटका बोल्ट श्रोत्यांत फिरवला. हातात घेतला तर गंज जवळपास नाही, आटे शाबूत, आणि एका आट्याच्या मुळाशी अजिबात न ताणता सरळ तुटलेला. हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट, म्हणजे हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होणं. अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड (गंज रोखायला पोलादाला जोडलेले, स्वतः झिजणारे ठोकळे) पोलादाचं विभव सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे १.०५ व्होल्टच्या आसपास नेतात. गंज थांबतो, पण पृष्ठभागावर तयार होणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो. म्हणून बोल्टची कठिनता साधारण ३५० विकर्सच्या (कठिनतेचं एकक) आत ठेवतात. एवढं मला पाठ होतं. मग मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "कठिनता मोजली कुठे? गाभ्यात की आट्याच्या पृष्ठभागाजवळ?" वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गाभ्यात. आमचं तिथेच चुकलं." हायड्रोजन शिरतो तो पृष्ठभागातून, आणि तिथली कठिनता गाभ्यापेक्षा जास्त असू शकते. त्यांचं हे वाक्य कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या बोल्टची प्रमाणपत्रं काढून बसलो. दोन बॅचमध्ये मोजणीची जागाच नोंदलेली नव्हती. दोन्ही परत तपासायला पाठवल्या.