चांद्रयानाचं पोस्टर तीन भाषांत, शब्द कुठून घ्यायचे?

कोथरूडकर: सोसायटीतल्या पोरांसाठी चांद्रयान-३ चं पोस्टर करतोय, मराठी हिंदी तमिळ. तिन्हीकडे एकच शब्द चालतील का?

पेठेतला: केंद्र सरकारचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून याच खटपटीत आहे, बरेच शब्द संस्कृतवरून, म्हणून मराठी-हिंदीचं जमतं, पण तमिळवाले अंतराळाला विण्वेळी म्हणतात, उगाच आपलं लादू नका. मराठीसाठी राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा, काही शब्द जड आहेत पण चालतंय.

औंधवाला: शब्द सोडा हो, आधी कुठला भाग काय करतो ते एका तक्त्यात लिहा आणि मग भाषा भरा. चांद्रयान-३ ला ऑर्बिटर (चंद्राभोवती फिरत राहणारं यान) नव्हता, चांद्रयान-२ चाच वापरला, प्रोपल्शन मॉड्यूलला (लँडरला चंद्राच्या कक्षेपर्यंत नेणारा भाग) ऑर्बिटर लिहिलंत तर तिन्ही भाषांत चुकणार. लँडर, रोव्हर तसेच ठेवा, पोरांना माहितीयेत.