तक्रारदाराचं नाव बाहेर गेलंच कसं?

बी-304: काल संध्याकाळी दोन माणसं गेटवर आली. वॉचमनला माझ्या अर्जाची झेरॉक्स दाखवून विचारत होती, "हे कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात?" मागच्या ओढ्यात राडारोडा टाकतायत त्याचा तो अर्ज. वर "नाव गुप्त ठेवावे" असं लिहिलं होतं. मुलगी घरी एकटी होती.

ए-102: बापरे! पोलिसांत कळवलंत का?

बी-304: रात्रीच जाऊन आलो.

सेक्रेटरी: झालं ते वाईटच. पण काका, कमिटीला न विचारता अर्ज द्यायला नको होता 🙏

बी-304: कमिटीला गणपतीपासून सांगतोय. मिनिट्स काढून बघा.

सी-501: अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ दे. एकट्याच्या नावाने नको.

ए-403: पुढचा अर्ज वॉचमनच्या नावाने द्या 😀

ए-102: दादा, थट्टा नको. गेटवर तोच उभा असतो.

ए-403: सॉरी काकू.

बी-304: तळेगावच्या सतीश शेट्टींची आठवण आहे ना? एक्सप्रेसवेलगतच्या जमिनींचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढले. पोलीस संरक्षण मागितलं, मिळालं नाही. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना मारलं. सीबीआयने 2014 मध्ये तपास बंद करायचा अहवाल दिला, पुन्हा तपास झाला, 2018 मध्ये परत तोच अहवाल.

डी-201: एका कारकुनाने कागद फोडला म्हणून सगळं सरकार वाईट? मी महसुलात नोकरी केलीय. यशवंत सोनवणे अपर जिल्हाधिकारी होते. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेले, तिथेच जिवंत जाळलं. तोही सरकारी माणूसच होता.

बी-304: आजोबा, मीही तेच म्हणतोय. आतला प्रामाणिक माणूसही एकटाच पडतो. सत्येंद्र दुबे महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर. सुवर्ण चतुष्कोनातला भ्रष्टाचार 2002 मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणाले. पत्र नावासकट टेबलाटेबलावर फिरलं. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत गोळी घातली.

ए-403: पण मारणारे लुटारू निघाले ना? कोर्टात शिक्षाही झाली.

बी-304: हो, 2010 मध्ये. लुटारूंनी मारलं असं धरलं तरी नाव फोडणाऱ्यांना त्याचा जाब कुणी विचारला?

सी-501: म्हणूनच म्हणतेय, सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या.

सेक्रेटरी: ताई, वाचलं. लेटरहेडला ठराव लागतो.

ए-102: यावर कायदा नाही का काही?

बी-304: आहे, 2014 चा. तक्रारदाराचं नाव फोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण लागू करायची अधिसूचनाच आजवर काढलेली नाही. उलट 2015 मध्ये तो पातळ करणारं दुरुस्ती विधेयक आणलं, लोकसभेत मंजूरही केलं. पुढे ते बारगळलं. सरकारं बदलली तरी हे कुणालाच नको असतं, कारण तक्रार त्यांच्याच खात्यांची असते.

डी-201: केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते, 2004 पासून.

बी-304: ती केंद्राच्या कारभारापुरती. आपल्या ओढ्याला तिचा काय उपयोग?

ए-203: ओढ्याकडची भिंतही खचलीय. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी येणार.

सेक्रेटरी: भिंतीचं नंतर बघू. कृपया विषयाला धरून बोला.

ए-203: विषय ओढ्याचाच आहे ना साहेब? तुमची गाडी वरच्या पार्किंगला असते, म्हणून.

सी-501: लेटरहेड.

सेक्रेटरी: ठीक आहे! रविवारी 11 वाजता सभा. ठराव करू.

डी-201: रविवारपर्यंत ते ओढा सपाट करतील. कोऱ्या कागदावर अर्ज लिहून त्यावर सगळ्या फ्लॅटच्या सह्या घ्या, लेटरहेड मागाहून जोडा. पहिली सही माझी. पोच म्हणून शिक्का मारून घ्यायला मीही येतो, आणि नाव कुणी फोडलं ते तिथेच लेखी विचारू.

बी-304: आजोबा, आभारी आहे.

ए-102: कागद माझ्याकडे आहे. ए आणि डी विंग झाल्या. बी मध्ये दोघंजण दार उघडत नाहीत. सेक्रेटरी साहेब, तुमची सही राहिलीय.