न्यू जर्सी: स्टिंक बग घरात शिरण्याआधी काय करावं?

एडिसनकर
दुमजली घर, बाहेरून व्हायनिल साइडिंग (प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण). सप्टेंबर सरत आला की पश्चिमेच्या भिंतीवर तपकिरी स्टिंक बग (घाण वास सोडणारे किडे) ऊन खात बसतात आणि हिवाळाभर पोटमाळ्यातून एकेक खाली उतरतो. फवारणी करावी की फटी बुजवाव्यात? चावतात का हे?

फटबुजव्या
चावत नाहीत. हा आपला ढेकूण नव्हे. रक्त पीत नाही, घरात अंडीही घालत नाही. थंडी काढायला आडोसा शोधतो, एवढंच. मूळचा चीन-जपान-कोरियाकडचा, अमेरिकेत १९९८ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला सापडला, म्हणजे तुमचा शेजारीच.

फटी बुजवा, आणि सप्टेंबरच्या मध्याआधी. नंतर बुजवल्यात तर आत शिरलेले आतच राहतात. सुरुवात पोटमाळ्यापासून: गेबल व्हेंटला (छपराखालच्या तिकोनी भिंतीतलं हवेचं झरोकं) आतून १/८ इंची तारेची जाळी स्टेपल करा. खिडकीची बारीक जाळी तिथे नको, धुळीने बुजून हवा कोंडते. मग खिडक्यांच्या चौकटी आणि एसीच्या नळ्या, केबल, बाहेरचे दिवे भिंतीत शिरतात त्या जागा. जुनं सीलंट (फटीत भरायची पेस्ट) खरवडा, पुसा, पूर्ण वाळू द्या, मग सिलिकॉन मिसळलेलं ॲक्रिलिक भरा. निव्वळ सिलिकॉनवर रंग धरत नाही. पाव इंचाहून रुंद फटीत आधी फोमची दोरी कोंबा, नाहीतर सीलंट आत ओघळतं आणि वाळताना चिरतं. खिडकीतला एसी काढून ठेवा.

दोन जागांना हात लावू नका. खिडकीच्या चौकटीखालची बारीक भोकं पाणी निचरायला असतात; ती बंद केलीत तर भिंत सडेल. कपडे वाळवायच्या ड्रायरच्या व्हेंटवर (गरम हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडावर) जाळी लावलीत तर कापसासारखा लिंट साचून आग लागू शकते. तिथे फक्त झडप नीट मिटते ना, ते बघा.

साबणपाणी
घरात फवारणी मुळीच नको. भिंतीच्या पोकळीत शेकड्याने मेले की ते खायला कार्पेट बीटल येतात, आणि ते पुढे लोकरीचे कपडेही सोडत नाहीत. बाहेरच्या भिंतीवरची फवारणी उन्हापावसात लवकर उतरते.

आत आलेल्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पसरट ट्रेमध्ये दोनेक इंच पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे काही थेंब. रात्री बाकीचे दिवे घालवून ट्रेवर एकच दिवा सोडा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो, म्हणून पडलेला किडा तरंगत नाही, बुडतो. व्हर्जिनिया टेकच्या २०१४ सालच्या चाचणीत या जुगाडाने विकतच्या सापळ्यांपेक्षा १४ पट किडे पकडले होते.

एडिसनकर
व्हॅक्यूम चालेल? आणि बाहेर गंधाचा सापळा?

साबणपाणी
चालेल, पण नळीत जुना नायलॉनचा पायमोजा घाला, तोंड बाहेरून दुमडून रबरबँड लावा. किडे मोज्यातच अडकतात. गाठ मारून साबणपाण्यात टाका. नाहीतर मशीनला कोथिंबीर चुरडल्यासारखा वास महिनाभर येतो. (तुलना उगाच नाही, दोन्हींत एकाच जातीची, अल्डिहाइड नावाची वासाची रसायनं असतात.)

फटबुजव्या
गंधाचा सापळा भिंतीजवळ टांगू नका. जेवढे अडकतात त्याहून जास्त आजूबाजूला गोळा होतात.